बाईंची सात बटणं

नाही, पण मी म्हणतो, माणसाला दोन हात दिलेत ते कशाला? काखेत दाबून उभं राहायला? अकरा मिनिटं उभा होतो हो मी तसा, एका बटणासाठी! बाई बटण लावतायत, मी बघतोय. बटण सटकतंय, मी बघतोय. सव्वीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेला माणूस मी, कुणाची उशी सरकली तर पेशंटच्या आधी मला कळतं, आणि मला हुकूम काय? "मामा, हात काखेत! आपलं आपण!"

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी वॉर्डातला मामा. पेशंटला पुसणं, भरवणं, दाढी, कपडे, सगळं माझ्याकडे. तर एक दिवस हॉस्पिटलात फतवा निघाला, की यापुढे पेशंटचा रोजचा फॉर्म मामा-मावशींनी भरायचा, तोही इंग्रजीत, आणि ज्याला जमणार नाही त्याची रवानगी तळघरात, चादरी धुवायला. आता मला सांगा, चादरीशी काय बोलणार? मला माणसं लागतात हो! म्हणून रोज चार वाजता कँटीनमध्ये इंग्रजीचा वर्ग. शिकवायला एक रिटायर्ड बाई. वजन चाळीस किलो, आवाज चारशे किलो! फुकट शिकवायच्या आणि खडूसुद्धा घरून आणायच्या.

आणि शिकवलं काय, तर तो सेल्फ! मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हर्सेल्फ... क्रियापद पुढे, हा मागे. म्हटलं, "बाई, 'आय फील मायसेल्फ टायर्ड' बरोबर?" बाई म्हणाल्या, "खाली बसा." फीलला चालत नाही म्हणे. रिलॅक्सला चालत नाही. एन्जॉयला मात्र पाहिजे, मागे काही नसेल तर एन्जॉयचा पाय लटपटतो. हे कुणी ठरवलं? एकदा समोर आणा त्याला! मग मी विचारलं, "आणि वॉश? ड्रेस?" तेव्हा बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, "मामा, धडधाकट माणूस नुसता वॉश करतो, नुसता ड्रेस करतो. त्याचं कुणाला कौतुक? पण ज्याला जमत नव्हतं आणि आज कष्टानं जमलं, त्याच्यामागे हिमसेल्फ लावायचं. म्हणजे आपलं आपण!"

मी वहीत लिहून घेतलं. पण लिहून घेणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

माझा पहिला फॉर्म. बेड नंबर चार, घड्याळ दुरुस्त करणारे आजोबा. वॉशेस हिमसेल्फ? यस. फीड्स हिमसेल्फ? यस. शेव्हज हिमसेल्फ? यस, यस! हेड सिस्टरनी वाचलं आणि चष्मा काढला. सिस्टरनी चष्मा काढला की आमच्या वॉर्डात पंखेसुद्धा हळू फिरतात. "मामा, या माणसाचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये आहेत. यांनी दाढी कशानं केली?" म्हटलं, "सिस्टर, झाली की नाही? बघा, गाल कसा गुळगुळीत आहे!" अहो, सव्वीस वर्षं मला सगळे एवढंच विचारत आले, झालं का? कुणी केलं ते कोण विचारतं? माझ्या हातांचा कधी हिशेबच नव्हता. मलाही वाटायचं, पेशंट स्वच्छ झाला, आपलं काम झालं!

आणि पुढच्याच आठवड्यात बाईच आल्या. वर्गावर नाही हो, स्ट्रेचरवर! घरातला बल्ब गेला, तर शेजाऱ्याला हाक मारायची की नाही? नाही! आपलं आपण! स्टुलावर चढल्या आणि आल्या खाली. उजवं मनगट मोडलं, कंबर दुखावली, आवाज शाबूत.

त्यांचं म्हणाल तर घरी एकट्या. एक भाचा. वाईट नाही तो, पण त्याच्या कानाला कायम फोन. फोनवरचा हात तसाच ठेवून म्हणाला, "आत्या, मी वृद्धाश्रमात खोली बघितलीय, हवेशीर आहे." चारशे किलोचा आवाज, आणि चकार शब्द नाही! शेवटी सिस्टर म्हणाल्या, "शुक्रवारी फॉर्म भरू. स्वतःचं स्वतः उठणं, धुणं, जेवणं, कपडे, सगळ्याला यस आलं तर घरी. एकाला जरी नो आलं, तर मग भाचा म्हणतो ते."

म्हटलं, काही काळजी करू नका बाई, मी आहे ना! लगेच सूपचा चमचा भरला. त्यांनी तोंडच मिटलं. "मामा, तुम्ही मला भरवलंत तर शुक्रवारी नो." म्हटलं, "गुपचूप यस लिहितो की!" तर असं बघितलं माझ्याकडे... शाळेत इतकी वर्षं कुणाला कॉपी करू दिली नसेल, ते सगळं त्या नजरेत होतं. "हात काखेत!"

काय सांगू तुम्हाला, ते पाच दिवस! डाव्या हातानं सूप. अर्धं पोटात, अर्धं पदरात, आणि मी काखेत हात दाबून घामाघूम. त्या उठायच्या, मी नुसता शेजारी. तोल गेलाच तर धरायचं, एवढीच परवानगी. मला वाटायचं, मी कामचोर झालो! पण बुधवारी बघतो तर चमचा सरळ चाललाय. आणि इकडे आजोबांचा एक हात सुटला होता, त्यांना मी आधी रेझर दिला आणि तोंड फिरवून उभा राहिलो. दोन ठिकाणी कापलं. पण आरशात बघून काय हसले म्हातारबाबा! सव्वीस वर्षांत मी केलेली दाढी बघून असं कुणी हसलं नव्हतं.

शुक्रवार. उठणं यस, धुणं यस, जेवण यस. राहिला सात बटणांचा स्वेटर. सिस्टर घड्याळ बघतायत, भाच्यानं चक्क फोन खिशात ठेवलाय. सहा बटणं लागली. सातवं, गळ्याजवळचं... ते काही केल्या जाईना. भाचा म्हणाला, "राहू दे, आत्या." माझे हात काखेतून सुटायला बघतायत, मी दाबतोय. अकरा मिनिटं! आणि लागलं हो! लागलं! आणि मग दिसलं, की खालची सहाही बटणं एकेक घर चुकलीयत, आणि सातवं सहाव्याच्याच घरात कोंबलंय. एक बाजू वर, एक बाजू खाली.

बाईंनी खाली बघितलं. "मामा, चुकलंय ना?"

म्हटलं, "चुकलंय बाई. पण तुमचं तुम्ही चुकलात!"

आणि मी लिहिलं, ड्रेसेस हर्सेल्फ, यस. सिस्टरनी चष्मा पुसला, सही केली. "नीट लावली का, असा रकाना फॉर्मवर नाही," म्हणाल्या.

बाई तशाच वाकड्या स्वेटरात टॅक्सीत बसल्या. मी दार उघडायला धावलो, तर, "आपलं आपण!" म्हटलं, बसा बाई, तुमचं राज्य! माझी नोकरी वॉर्डातच राहिली, ती या बाईमुळे. माझे हात कधी आवरायचे हे मला कळलं, तेही या बाईमुळे. अजून दर रविवारी त्यांच्याकडे जातो, शिकायला. बल्ब मात्र मी बदलतो, त्या झोपल्या की.

फक्त एक चूक झाली. ही सगळी हकीकत मी कौतुकानं घरी सांगितली. बायकोनं शांतपणे ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी शर्टचं बटण तुटलं म्हणून शर्ट तिच्यापुढे धरला, तर तिनं सुईदोरा माझ्या हातात ठेवला आणि स्वतःचे दोन्ही हात... काखेत!

तेव्हा हा शर्ट बघून हसू नका. बटण वाकडं आहे, निळ्या दोऱ्यानं आहे, मला दिसतंय. माझं मी लावलंय.