सनाचे तळवे

मी घाबरट आहेच, पण हे ऐका. एक्स्प्रेस-वे अजून व्हायचा होता, तेव्हा मी कळंबोलीच्या एका दवाखान्यात नवीनच फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले होते. तळोज्याहून तीन वर्षांची सना यायची, अजून चालता न येणारी; उभं केलं की तोल जायचा. पडताना ती हात पुढे टेकायचीच नाही, थेट तोंडावर आपटायची. हनुवटीची जखम कधी सुकलीच नाही.

"चालंल ना हो ही?" तिची अम्मी दर वेळी विचारायची.

"आधी पडताना हात टेकू दे, भाभी. मग चालणं."

त्यासाठी मी सनाला मोठ्या चेंडूवर पालथी झोपवून, कंबर धरून पुढे झुकवायचे. महिने गेले, हात आपले लोंबतच राहायचे.

एकदा बाहेर ट्रकमधून लोखंडी सळया कोसळल्या. मी दचकले, पकड सुटली आणि सना पुढे घसरली. मी डोळेच मिटून घेतले.

रडणं काही ऐकू येईना. पाहिलं तर सनाचे दोन्ही तळवे सतरंजीवर टेकलेले, मान वर.

"सॉरी हो भाभी, माझा हात सुटला..."

अम्मी खाली बसली. तिने सनाचे तळवे उलटसुलट करून पाहिले, पदराने डोळे पुसले.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "आणखी एकदा पाडा ना."