खिशातला शंख

शहराबाहेरच्या त्या जुन्या बंदराच्या खाडीवर आता राष्ट्रीय उद्यान केलंय. बाहेर पडताना रखवालदार पिशव्या आणि खिसे तपासतो. रांगेत माझ्यापुढे माझ्याच वयाची, माझ्याइतकीच ताठ मानेची एक बाई होती. सोबत सात-आठ वर्षांची नात.

“आजी, तो शंख परत ठेवून येऊ या ना.”

“गप गं. तुझ्या खिशात कोण हात घालतंय?”

“आत खेकडा आहे. तो हलतोय.”

“हलू दे. घरी बादलीत सोडू. पुढे सरक.”

रखवालदार नातीपुढे वाकला. “बाळ, खिशात काय आहे गं?”

“अहो दादा, पोरीच्या खिशात काय असणार? रुमाल असेल.”

“तुमचा रुमाल चालायला लागला की हो आजी.”

“अगंबाई, शंख! कधी उचललास गं? हेच शिकवलं का आम्ही तुला? चारचौघांत मान खाली घालायला लावलीस!”

“बाळ, इथलं काही नेणार नाही अशी सकाळी शपथ घेतलीस, म्हणून हा बिल्ला दिला ना तुला? शंख घ्यायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच घेतला.”

“मग बिल्ला परत द्यावा लागेल.”

“पिन निघत नाही, काका.”

“थांब, मी काढते.”

“तू नको. काका काढतील.”

माझी पिशवी तपासून झाल्यावर मी बाहेर आले, तर दोघी फाटकाशीच उभ्या होत्या.

“घरी आईनं बिल्ला कुठाय विचारलं, तर काय सांगशील गं?”

“मी शंख चोरला म्हणून. तू घाबरू नकोस, आजी.”