डोलीतनं बोर्डाला

लिवून घेताय तर ऐका ताई, माझं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या काठचं, पाणी जवळ, एसटी जवळ, आन् मला दिली कुठं तर कापड्याच्या वर डोंगरावरच्या वाडीत, जिथं अजून रस्ता पोचला नाय. आय म्हणाली, जावई मुंबैकडं कामाला हाय, गो, तुझं चांगलं व्हईल. कामाला व्हते खरं आमचं मालक, पण ते काम खडीच्या क्रशरवरचं. दगड फोडायचा, भरडायचा, दिवसभर धुरळ्यात उभं ऱ्हायचं, तोंडाला एक फडकं बांधायचं, बस. शिमग्याला घरी आले का मी त्यांचे कपडे धुवायची तर पाणी पांढरं व्हायचं. मी हसायची, म्हणायची क्रशरवर असता का पिठाच्या गिरणीत. हसायची, काय सांगू तुम्हाला ताई, हसायची मी.

मंग खोकला लागला. आधी टीबी म्हणाले, गोळ्या झाल्या, पोटाची आग झाली, खोकला तसाच. शेवटी महाडच्या एका डाक्तरनं छातीचा फोटो काढला आन् म्हणाला, बाई, टीबी नाय हा, दगडाची भुकटी हाय फुफ्फुसात, ती आता निघायची नाय. मालकांनी इचारलं, मंग काम? तो म्हणाला, काम विसरा. पण त्यानंच सांगितलं का कंपनीनं विमा भरलाय, तुम्हाला पेन्शन बसंल, फक्त बोर्डापुढं जावं लागंल. बोर्ड म्हंजे मला वाटलं पाटी. तर तीन डाक्तर बसतात आन् माणूस किती टक्के गेला ते ठरवतात. टक्के शाळेत पडतात येवढंच मला ठाव व्हतं.

आमच्या वाडीत आजारी माणसाला डोलीतनं उतरवतात. बांबूला घोंगडी बांधायची, आत माणूस, दोघं पुढं दोघं मागं. पण डोलीत बसायचं ते अडलेल्या बाईनं, नायतर पान लागलेल्यानं, म्हंजे साप चावलेल्यानं. धडधाकट दिसणारा बाप्या डोलीत बसला तर वाडी हसते. मी म्हणाली, डोली करूया. मालक म्हणाले, मी काय बाळंतीण हाय काय गो? आन् निघाले चालत. आदल्या दिवशी सकाळीच निघालो, दहा पावलं टाकायची का बसायचं, दहा पावलं का बसायचं, कापड्याला नणंदेकडं पोचलो तवा दिवे लागले व्हते. रातभर पाठ टेकून बसले. सकाळी दाढी केली, धुतलेलं शर्ट घातलं, मोठ्या माणसांपुढं जायचं तर नीट जावं, असं आमच्यात असतं. एसटीनं बोर्डाला गेलो.

तिघांतल्या एका डाक्तरनं इचारलं, कुठून आलात? वाडीतनं. रस्ता आहे का? नाय साहेब. मग कसे उतरलात? तर आमचं मालक छाती काढून म्हणतात, चालत आलो साहेब! अहो, आमच्यात कुणी इचारलं कसा आलास तर असंच सांगतात, त्यात इज्जत हाय. मी मागनं म्हणाली, साहेब, अख्खा दिवस लागला हो, तर म्हणाले, बाई, तुम्ही बाहेर थांबा. मंग नळी दिली फुंकायला, मी दारातनं बगत व्हती. ह्यांना फुंकवंना. तर म्हणाले, मुद्दाम हळू फुंकतोय. म्हंजे बगा, चालला तर बरा हाय आन् फुंकवत नाय तर लबाड हाय. टक्के इतके कमी पाडले का पेन्शन बसंना. भाकर ज्या दगडानं नेली त्याचीच भुकटी छातीत घेऊन आलेला माणूस, त्याला लबाड म्हणाले. त्यांचं वाटोळं हो म्हणणार व्हती, पण पुन्हा त्यांच्याच दारात जायचं व्हतं.

फेर अर्ज केला, वर्षानं पुन्हा बोलावलं. तवा मी ऐकलं नाय. म्हणाली, डोलीत बसायचं, दाढी करायची नाय आन् तोंड उघडायचं नाय. बसले बिचारे. घोंगडीत तोंड झाकून घेतलं व्हतं, वाडीतल्या पोरांना वाटलं झोपलेत. ह्या खेपेला टक्के भरले, पेन्शन बसली. खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, आता दर वर्षी येऊन दाखवून जायचं, माणूस हयात हाय आन् अजून तसाच हाय.

दर वर्षी! अहो, वाडीत तरणी पोरं ऱ्हायलीत कुठं? सगळी मुंबैला, माझाबी पोरगा तिकडंच, हॉटेलात. गेल्या साली डोली उचलायला दोन म्हातारे आन् आम्ही जावा-जावा. म्हातारे म्हणाले, बाईमाणसानं खांदा द्यायचा नाय, अभद्र हाय. मी म्हणाली, मंग आणा चार बाप्ये. मी पुढं लागली. अर्ध्या उतारावर खांदा सोलला, तवा घोंगडीतनं आवाज आला, ठेव गो खाली, तू दमलीस, थोडा मी चालतो. आन् मी काय म्हणाली असंल? गप बसा, कुणी बगील. नवरा माझी कीव करतो आन् मी त्याला गप बसवते, हे दिवस आले.

आता ते घरीच असतात. एखाद दिवशी जरा बरं वाटलं का काठी घेऊन गोठ्याकडं निघतात, म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवायला, तर मीच वरडते, आत या, खालचा कोण आला असंल तर हापिसात सांगंल चालतो म्हणून. येतात आत. काठी दाराआड ठेवतात.

देवापुढं दिवा लावते मी रोज. पण मागू काय? बरा कर म्हणावं तर टक्के उतरतील, औषध कुठनं आणू? सोडव म्हणायला जीभ उचलत नाय. मंग म्हणते, हाय तसाच ठेव, बाबा. सौभाग्यवती बाई नवऱ्यासाठी असं मागते, लिवा हे. आन् तुम्ही सावकाश उतरा ताई, उजेड हाय तवर. तुमच्या घरच्या माणसाला देव उदंड श्वास देवो.