फॉर्म संपलेत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धुलाईखान्याचे व्यवस्थापकसाहेब, मुख्य कचेरीतून वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होत असलेले आपले पगार कारकून, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या अर्धवेळ बहिणींनो आणि भावांनो,

मला भाषणाची सवय नाही. चादरींच्या घड्या घालायची आहे. एकोणीस वर्षं घालते आहे. शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचन मी सोड्याच्या पिंपांवरच्या सूचनांवरून आणि मुलीच्या जुन्या पुस्तकांवरून शिकले. म्हणून घडीच्या टेबलावर मला ‘वाचनालय’ म्हणतात. कुणाची नोटीस आली, पत्र आलं, की आणा वाचनालयात. वर्गणी नाही.

आज निवृत्त होणाऱ्या आपल्या कारकूनसाहेबांबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. बोलते. पण आधी विचारते, पाठीमागे आपण यांना काय म्हणतो? लाजता कशाला, त्यांना ठाऊक आहे. कात्री! पगारातून विम्याचे पैसे कापणारी कात्री.

एके काळी आपण त्यांनाच देवमाणूस म्हणायचो. नव्यांना माहीत नाही म्हणून सांगते. आपण दिवसाला चार तासांची माणसं. एवढ्या कमी तासांच्या माणसाला विम्यातून बाहेर राहायची मुभा आहे. एका फॉर्मवर सही केली की कपात बंद. महिन्याच्या दुधाचा खर्च सुटेल एवढा फरक पडायचा. मग काय, रांगच लागली. “साहेब, माझं कापू नका.” “साहेब, माझंही.” साहेब हसून फॉर्म द्यायचे. आणि तो वाचून कोण दाखवायचं? वाचनालय.

माझे यजमान पिळणीच्या यंत्रावर होते. ते म्हणाले, “कापू दे गं. कापतात तर काहीतरी कारण असेल.” मी म्हटलं, “कारण त्यांचं, दूध आपलं. करा सही.” फॉर्म मीच वाचला, खणखणीत आवाजात. पुढची बाजू. खाली साक्षीदाराची सहीही माझीच.

दोन वर्षांनी त्यांच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे अंथरूण सोडायचं नाही. विमा असता तर ते सहा आठवडे घरी भत्ता आला असता. यजमान पाचव्या दिवशी कामावर आले. मी अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार? नवव्या दिवशी ओल्या चादरींची गाडी ढकलताना ते खाली बसले. मी टेबलावरून ओरडले, “उठा, मुकादम बघतोय.” ते उठले नाहीत. मी त्यांच्याशी बोललेलं ते शेवटचं.

मुलीची शाळा त्याच वर्षी सुटली. तिची पुस्तकं मग सगळीच माझी झाली.

आठवड्याने साहेब घरी आले. हातात तो फॉर्म. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, “वहिनी, मागची बाजू वाचली होती?”

मी म्हटलं, “नाही. तुम्ही?”

त्यांनी फॉर्म उलटा करून माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, “मीही नाही. वरून गठ्ठा आला, मी वाटला.”

मागची बाजू आम्ही दोघांनी तेव्हा वाचली. अक्षर बारीक, त्यांचा चष्मा कचेरीत राहिलेला, म्हणून मीच वाचली. सही केल्यावर कंपनीचा वाटाही थांबतो. आजारपणात भत्ता नाही. कामगार गेल्यास पत्नीला निवृत्तिवेतन नाही, मुलांना काही नाही. चार ओळी होत्या.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांकडचे फॉर्म संपले. आठवतं ना? “फॉर्म संपलेत. छापखान्यातून आलेले नाहीत.” एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं! ज्यांनी आधी सह्या केल्या होत्या त्यांना एकेकाला बोलावून त्यांनी परत विम्यात घातलं. पहिलं नाव माझं. इस्त्रीवाल्या मावशी, तुम्ही त्यांना काय म्हणाला होतात? “आमच्या तोंडचा घास कापतोस, तुझी कात्री गंजो!” हसू नका. मी तेव्हा शेजारीच उभी होते आणि मावशींना थांबवलं नाही. पुढे भट्टीजवळ घसरून मावशींचा खुबा मोडला, तेव्हा तीन महिने भत्ता घरी आला. मावशी, साहेबांचे आभार मानलेत का? नाही ना? आज माना.

अध्यक्षमहाराज, आपण घड्याळाकडे पाहताय. आवरतेच. फॉर्म संपले नव्हते. ते कपाटाच्या खालच्या खणात होते, जुन्या हजेरीपटांखाली. हे बोलायला मी साहेबांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, “सांगा खुशाल. आज काय, कामावरून काढतील?”

आज दुपारी त्या कपाटाची किल्ली त्यांनी त्यांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांच्या हाती दिली. आणि आत येताना तुम्ही पाहिलंच असेल, दाराजवळ चहाच्या कपांशेजारी तो गठ्ठा मांडलाय. दोरीने बांधलेलं पेनही आहे. ‘इच्छा असेल त्यांनी सही करावी.’ काही पोरींनी फॉर्म आधीच पर्समध्ये टाकलेत. पोरींनो, मी रागावत नाही. दूध लागतं, हे मला कोणी सांगायला नको.

साहेब, चूक दोघांची होती. तुम्ही तुमचा वाटा अकरा वर्षं शिव्या खाऊन उचललात. मी माझ्या वाट्याचं काहीच केलं नाही, नुसत्या घड्या घातल्या. आता तुम्ही घरी जा, निवांत झोपा.

चहाला याल तेव्हा मी त्या टेबलापाशी उभी असेन. ज्याला सही करायची त्याने करावी, मी कोणाचा हात धरणार नाही. फक्त त्याआधी फॉर्म मी वाचून दाखवीन, आणि या वेळी मागच्या बाजूपासून.

मला बोलू दिलंत, आपल्या सगळ्यांची मी आभारी आहे. घडीवाल्या बाईच्या बोलण्यात कुठे सुरकुती राहिली असेल, तर व्यासपीठाने आणि सभेने ती पोटात घालावी. तेव्हा मला चष्मा लागत नव्हता. आता लागतो. तो मी आणलाय.