राख-वाळू गटाची बिनविरोध निवडणूक

हॅलो?… हां, चैतालीच बोलायले. बोल शिवकन्या… न्हाई गं, आत्ताच तास संपला… हो, हो, भरलाय मी अर्ज… अगं ऐक ना. भौतिकी परिषदेत लेझरवाल्यांचा गट हाय, प्लाझ्माचा हाय. राख, वाळू कशी वाहते ते शिकणाऱ्यांचा गट मी उभा केला. सहा वर्षं पळापळी केली. मग अध्यक्षपदाला मी न्हाई तर कोण?… तुझे मालक?… धोंडीरामरावांनी राखेवर काय काम केलंय?… राख वाहायचे ट्रक हायेत. बरं.

बिनविरोध कावून? हा काय साखर कारखाना हाय?… माघार घेऊन महिला गटाचं अध्यक्षपद? नको मला… मग कुठला? समावेशन गट, मागासवर्गीयांचा?… शिवे, माझं काम परळीच्या वीज केंद्राच्या राखेवर हाय, आडनावावर न्हाई… न्हाई, चिडले न्हाई. तू बोल.

यादी मी बी बघितली. महिन्यात साठ सभासद वाढले, सगळे तुमच्या संस्थेतले. खेळाचे सर भौतिकीत कवा आले?… लांब उडीच्या खड्ड्यात वाळू असते म्हणून?… आन् मेसचा आचारी?… मीठ टाकतो. हां, त्याचे बी दाणेच की.

आन् मतदान मोबाईलवर हाय, तर माणसं उचलून शेतावर कशाला नेलीत?… मोबाईल जमा केलेत… लई हुशार हाव तुमी.

काय? अर्ज बाद?… कावून बाद? सूचकाची सही हाय की त्याच्यावर. सोमनाथ सरांची. माझे गाईड हायेत ते, माझ्यासमोर केली सही… ही सही माझी न्हाई म्हणाले?… कुणाला म्हणाले?… तिथंच हायेत?… जेवायलेत… दे त्यांना. हात धुऊ दे, थांबते मी.

…सर, नमस्कार. चैताली… हो, माझं झालं जेवण… सर, ती सही तुमची न्हाई असं लिहून दिलंत?… सूनबाईंची नोकरी. हां… त्यांच्याच संस्थेत. हां, हां… न्हाई सर, माफी नका मागू, बरं वाटत न्हाई ते… एकच विचारते. तशीच सही माझ्या पीएचडीच्या प्रबंधावर हाय. ती तरी तुमची हाय का?… सर?… ऐकू यायलंय ना?… नुसतं हो म्हणा, सर…

हॅलो?