साखरेच्या डब्याची किल्ली

दि. १२ जून २०२५, सकाळी ९.४०. वर्ध्यात मधुमेह तपासणीच्या रांगेत आम्ही एकोणीस जण होतो. पुढे अल्लीपूरच्या धुरपताबाई आणि त्यांचा छत्तीस वर्षांचा मुलगा श्रावण.

"माय, साखरेच्या डब्याचं कुलूप आता तरी काढजो."

"गोळ्या घेऊनही शुगर चारशे! मले वाटे, तू चोरून खाऊन राह्यला."

"आजारच दुसरा निघाला. आंगात इन्सुलिनच बनत नाई, तं गोळी काय करन?"

"आन् मी चार महिने तुले चोर म्हणलं."

"इन्सुलिनच्या सुईनं शुगर लई उतरली तं खायले, साखरेची पुडी खिशात ठेवा म्हणते डॉक्टर."

"घे मंग किल्ली. पण डब्याजवळ उगाच घुटमळू नको!"

त्या सकाळच्या तपासणीत, इन्सुलिनच्या पंधराव्या दिवशी, श्रावणची उपाशीपोटीची साखर : १२८.