नऊ नंबरवर लक्ष ठेवा

मिनेसोटातल्या शालेय आइस हॉकी स्पर्धेचा पहिला दिवस. कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको उभे होते. नवऱ्याच्या हातात पेपर होता.

“इंगा, हे वाच. ‘या खेळाडूंवर लक्ष ठेवा’ म्हणून दिलंय. पहिलं नाव आपल्या लीफचं, नऊ नंबर.”

“मी ठेवतेच आहे लक्ष. सकाळी पायात बूट घालून मला विचारत होता, बूट कुठेत.”

“झोप झाली नसेल. एवढा मोठा सामना.”

“डेल, शनिवारी त्याचं डोकं रिंगणाच्या फळीवर आपटलं. वरच्या बाकांपर्यंत आवाज आला.”

“मग डॉक्टरांनी दिलीय ना परवानगी? काल संगणकावर डोक्याची चाचणी घेतली. हंगामाच्या सुरुवातीला होते तेवढेच गुण आले. काही बिघडलेलं नाही.”

“तेव्हा तर किती कमी होते. मी रागावले होते त्याला.”

“उगाच रागावलीस. मुद्दाम चुका कर, असं मीच सांगितलं होतं. सगळेच बाप सांगतात. सुरुवातीचे गुण कमी असले, की पुढे मार लागला तरी पोरगं बाहेर बसत नाही.”

“आणि काल? कालही मुद्दाम चुकला?”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. चुकला का मुद्दाम?”

“नाही. काल त्यानं अगदी मन लावून सोडवली.”